ल्युकची वाट आणि न बोलणारे दगड

तीन वर्षं सलग आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेय, त्यामुळे चालण्याची अशी भीती मला नव्हतीच. लेक बार्सिलोनात शिकते, तिनं फोनवर सांगितलं, आई एप्रिलअखेर ये, आपण दोघी मायोर्का बेटावर चालायला जाऊ, चार दिवस डोंगरातनं चालायचं आणि शेवटी एक देवीचं ठिकाण आहे, ल्युक म्हणून, तिथली लोकं पण चालतच जातात. मी म्हटलं देवी म्हंजे कोण गं? तर म्हणाली मेरीमाता, पण काळी आहे आई, लोकं तिला मोरेनेता म्हणतात, म्हंजे सावळी. झालं, माझं जायचं ठरलं तिथेच.

बार्सिलोनाहून रात्रीची बोट पकडली, सकाळी पाल्माला उतरलो, तिथून बसनं वाल्देमोसा. मायोर्का म्हटलं की लोकांना समुद्रकिनारे आणि हॉटेलं आठवतात, पण बेटाच्या वायव्य कडेला एक सलग डोंगररांग आहे, सेरा दे त्रामुंताना, साधारण 90 किलोमीटर लांब, आणि 2011 साली युनेस्कोनं ती जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. आता यातली गंमत अशी की ती नुसती जंगलासाठी किंवा शिखरांसाठी नाही केली, माणसानं तिथे जे बांधून ठेवलंय त्यासाठी केली. हे मला आधी माहीत नव्हतं, चालताना पायाला कळलं.

या रांगेतनं जाणाऱ्या वाटेला जीआर 221 असा नंबर आहे, पण नाव आहे कोरड्या दगडाची वाट. कोरडा दगड म्हंजे चुना नाही, सिमेंट नाही, माती पण नाही, नुसता दगडावर दगड. आमच्या रत्नागिरीकडे याला गडगा म्हणतात. माझं सगळं बालपण गडग्यावर बसून गेलंय. वडील दरवर्षी पावसाळ्याआधी पडलेला गडगा स्वतः घालायचे, गडी असला तरी शेवटचा हात त्यांचाच. दगड ठेवला की तळहातानं दाबून हलवून बघायचे, जरा जरी कटकट आवाज आला तर म्हणायचे "बोलतोय अजून", मग खालून एक चीप सारायची, परत हलवायचं, दगड गप्प झाला की पुढचा. वडील गेले, आणि गेल्या पावसात परसातला दहाबारा फुटांचा गडगा कोसळला तो तसाच पडलाय, दादा म्हणतो सिमेंटचे ब्लॉक घालून टाकू, कटकट नको. मी निघाले तेव्हा हे डोक्यात होतंच.

पहिला दिवस वाल्देमोसा ते देया. वर चढून गेलं की कड्याच्या धारेवरनं एक वाट जाते, ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातला एक आर्चड्यूक, लुडविग साल्वाटोर, 1867 मध्ये या बेटावर आला आणि इथलाच होऊन गेला, त्यानं घोड्यावरनं समुद्र बघत हिंडायला म्हणून ही वाट बांधून घेतली. डावीकडे खाली निळाशार समुद्र, वारा असा की ओढणी पोटाशी बांधावी लागली. आणि माणूस नाही. म्हंजे दिवसभरात वीसबावीस जण भेटले असतील. वारीत मला तीन आठवड्यात कधी स्वतःचा श्वास ऐकू आला नव्हता, इथे दुसरं काही ऐकूच येईना. खरं सांगते, दुपारी मला गर्दीची इतकी आठवण आली की डोळ्यात पाणी आलं. दिवेघाट चढताना आपण चढत नाही, पुढचे-मागचे मिळून आपल्याला वर नेतात, टाळ चालू असतो, पायांना कळत पण नाही. इथे प्रत्येक पाऊल माझं मलाच टाकायचं होतं. लेक पुढे, मी मागे, मधेच ती थांबून म्हणायची "आई, पाणी पी", एवढाच काय तो आवाज.

दुसऱ्या दिवशी देया ते सोयेर. अंतर फार नाही, तीनचार तासांचं, पण आम्ही सहा तास लावले, कारण वाटेत दोन माणसं गडगा घालत होती.

इथले डोंगर तळापासून वर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत, प्रत्येक पायरी म्हंजे एक दगडी बांध आणि त्यावर चार हात माती, त्या मातीत ऑलिव्हची झाडं. झाडं इतकी जुनी की खोडं पिळून ठेवलेल्या धोतरासारखी दिसतात. अशा एका बांधाचं पोट पावसात फुटलं होतं आणि ते दोघं तो परत रचत होते. या कारागिराला तिथे मार्जे म्हणतात. मी बॅग टेकून समोर बसलेच. त्यातला म्हातारा होता तो दगड उचलून आधी हातात फिरवायचा, हातोडीनं एखादं नाक उडवायचा, मग ठेवायचा तो आत डोंगराकडे किंचित झुकवून, म्हंजे भिंत डोंगराला टेकून उभी राहते. मागच्या पोकळीत बारीक खडी भरायची. आणि दगड ठेवल्यावर त्यानं काय केलं, तर तळहात वर ठेवून दगड हलवून बघितला. आवाज आला. त्यानं खालून चीप सारली, परत हलवलं. गप्प.

मी लेकीला म्हटलं त्यांना सांग, माझे वडील पण हेच करायचे, आणि ते म्हणायचे दगड बोलता कामा नये. तिनं सांगितलं, तिचं कॅटलान मोडकंतोडकं आहे पण समजलं त्यांना. म्हातारा माझ्याकडे बघत राहिला आणि मग बाजूला सरकून हातानं खूण केली, ये. मी खरंच गेले आणि दोन दगड ठेवले. पहिला त्यानं काढून फिरवून ठेवला, दुसरा राहू दिला. तो दगड तिथे आहे आता, देया आणि सोयेरच्या मधे.

त्यानं सांगितलं की चुना नसल्यामुळेच भिंत टिकते, पावसाचं पाणी दगडांच्या फटीतून निघून जातं, अडलं असतं तर बांध ढकलून दिला असता. मधे एक काळ हे काम करणारी माणसंच उरली नव्हती, शेती सोडून सगळे हॉटेलांच्या मागे लागले, मग 1980च्या दशकात इथे मार्जे तयार करायची शाळा सुरू केली म्हणून हे हात राहिले. 2018 मध्ये ही कोरड्या दगडाची कला पण युनेस्कोच्या यादीत गेली, आठ देशांची मिळून. आमचा गडगा काही त्यात नाही पण मला तेव्हा तो पण त्यातच आहे असं वाटलं.

सोयेर म्हंजे संत्र्यांचं गाव, सगळ्या खोऱ्यात फुलांचा वास भरून राहिला होता. मुक्कामाला जेवण काय तर पा आंब ओली, म्हंजे भाकरीएवढ्या जाड पावाचा तुकडा, त्यावर लसूण घासायचा, मग लटकवून ठेवलेला छोटा टोमॅटो मधे कापून पावावर रगडायचा, अगदी साल हातात राहीपर्यंत, वरून मीठ आणि ऑलिव्हचं तेल. बस्स. शेतावर बसून चटणीभाकरी खाल्ल्यावर जे होतं ना तेच. एरवी मी मासे खाते पण वारीत बंद असतात, तसे इथेही चार दिवस बंद ठेवले, लेकीनं पण माझ्याबरोबर ठेवले, मी सांगितलं नव्हतं.

तिसरा दिवस खरा. सोयेरच्या वरती बिनियाराइश नावाचं वाडीएवढं गाव आहे, तिथून एक घळ सरळ डोंगरात चढते आणि घळीतनं दगडी पायऱ्यांची वाट, वळणं घेत घेत वर खिंडीपर्यंत, साधारण 800 मीटरची चढाई. ही जुनी वाट, सोयेरची लोकं पूर्वीपासून ल्युकला याच वाटेनं जात आलीत. आम्ही अर्ध्यात असताना पाऊस आला. चुनखडीचा दगड, शतकानुशतकं खेचरांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेला, ओला झाला की साबण. मी एकदा घसरून गुडघ्यावर आपटले, पँट फाटली, रक्त आलं. लेक घाबरली, म्हणाली आई खाली जाऊ परत. मागनं एक सत्तरीच्या बाई येत होत्या त्यांनी काही न विचारता आपली एक काठी माझ्या हातात दिली आणि स्वतः दुसरीवर चालायला लागल्या, वर खिंडीत गेल्यावर घेतली परत. वारीत अशा वेळी कोणीतरी म्हणालं असतं "माऊली, धरा हात". त्या बाई काय बोलल्या ते मला समजलं नाही पण ऐकू तेच आलं.

पडल्यावर मी खाली बघून चालायला लागले आणि तेव्हा ते लक्षात आलं. सकाळपासून शेकडो पायऱ्या चढलो, प्रत्येक पायरी उभ्या लावलेल्या दगडांची, चिपा मारून घट्ट केलेली, आणि त्यातला एकही दगड पायाखाली हलला नव्हता. घसरले ती मी, दगड जागेवर होता. मग मी मुद्दाम प्रत्येक दगडावर भार टाकून बघायला लागले. एकही बोलला नाही. कोणी घातल्या असतील या पायऱ्या, किती जणांनी, कुणाचंच नाव कुठे नाही, आणि त्यांचा हात माझ्या पायाखाली आहे. दुपारपासून मला एकटं वाटलं नाही, पुढे पण नाही.

खिंड ओलांडली की खाली एक तलाव दिसतो, त्याचं नाव कुबेर! मी पाटी तीनदा वाचली. पाल्मा शहराला यातनं पाणी जातं. त्याच्यावर पुच माजोर, बेटावरचं सगळ्यात उंच शिखर, 1,400 मीटरच्या वरचं, पण माथ्यावर लष्कराचा तळ आहे म्हणून तिथे जाता येत नाही. मुक्काम तोसाल्स वेर्ड्सच्या आश्रयघरात, तिथे गाडीरस्ताच नाही, चालतच जावं लागतं. बंक बेड, ओले मोजे दोरीवर, एकच लांब टेबल आणि सगळे मिळून जेवायला, पंगतच ती. सोपेस नावाचा प्रकार होता, पातळ कापलेल्या शिळ्या पावावर कोबी आणि पालेभाज्यांचा रस्सा, आमच्यासाठी मटण न घालता वेगळा काढून ठेवला होता.

टेबलावर पाल्माचे एक शिक्षक होते, त्यांनी सांगितलं की ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी रात्री पाल्माहून हजारो लोक ल्युकला चालत निघतात, सुमारे 48 किलोमीटर, रात्रभर चालून सकाळी पोचायचं, 1974 पासून चालू आहे हे. देव मानणारे असतात, न मानणारे पण असतात, कोणी नवस म्हणून, कोणी वडील जायचे म्हणून. मी त्यांना वारी सांगितली, दिंडी म्हंजे काय, विणेकरी म्हंजे काय, अडीचशे किलोमीटर ऐकून त्यांनी चमचा खाली ठेवला. लेक भाषांतर करता करता थकली, पण मधेच म्हणाली, "आई, हे तू मला कधी सांगितलंच नाहीस गं." खरं होतं ते.

चौथ्या दिवशी परत चढ, 1,200 मीटरची खिंड, आणि तिथे वर मोठमोठे दगडी खड्डे. बर्फाची घरं. हिवाळ्यात इथे बर्फ पडतो तो गोळा करून या खड्ड्यात थर देऊन पायांनी तुडवायचा, वर कारिच नावाचं उंच गवत अंथरायचं, आणि उन्हाळ्यात रात्रीच्या गारव्यात खेचरांवर लादून खाली शहरात न्यायचा, औषधाला आणि सरबताला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्याचा बर्फ आला आणि हे बंद पडलं. त्या काठावर उभी राहून मी त्या तुडवणाऱ्यांच्या पायांचा विचार करत होते, माझ्या पायाला तर नुसते दोन फोड आले होते. उतरताना त्याच बर्फवाल्यांची वळणावळणाची वाट, मग सदाहरित ओकचं गर्द जंगल, त्यात जागोजाग गोल चौथरे, कोळसा पाडणारी कुटुंबं तिथे महिनोन्महिने राहायची. आणि मग झाडांतून एकदम घंटा ऐकू आली.

ल्युक. बाहेर यात्रेकरूंसाठी जुनी धर्मशाळा, खाली जनावरं बांधायची जागा आणि वर माणसांच्या खोल्या. गोष्ट अशी सांगतात की तेराव्या शतकात ल्युक नावाच्या गुराख्याच्या पोराला ही सावळी मूर्ती डोंगरात सापडली, ती उचलून देवळात नेली तर परत त्याच जागी आली, असं पुन्हा पुन्हा, शेवटी देऊळ तिथेच बांधलं. आपल्याकडच्या किती देवांची हीच गोष्ट आहे! निळ्या झग्यातली मुलं गात होती, ब्लावेट्स म्हणतात त्यांना, 1531 पासून इथे मुलांचं हे गायन चालू आहे. गाणं संपलं, लोक पांगले.

वेदीच्या मागून पायऱ्या चढून मूर्तीजवळ जाता येतं. पंढरपुरात तासन्‌तास रांगेत उभं राहून एक क्षण मिळतो, डोकं टेकवलं की मागनं हात येतो, चला माऊली चला. दोन वर्षं तर मी कळसाचंच दर्शन घेऊन परत फिरले. इथे आत कोणीच नव्हतं. समोर ती, लहानशी, काळसर, कडेवर लेकरू. कोणी चला म्हणेना. एवढा वेळ देवासमोर मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि काय मागायचं ते सुचेना, म्हणून नुसती बघत राहिले. लेक येऊन शेजारी बसली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती पण काही बोलली नाही.

बाहेर अंगणात आल्यावर दादाला फोन लावला. विचारलं, परसातला गडगा तसाच आहे का अजून? म्हणाला हो, पण ब्लॉकवाल्याला सांगून ठेवलंय, सोमवारी टाकतोय तो.

म्हटलं, दादा, त्याला नको म्हणून सांग. मी 10 मेला येतेय.