दूध कोणी बघायचं?

आईनं गॅसवर दूध ठेवलं की बेल वाजतेच. मग गॅस बंद करा, दार उघडा, परत येऊन गॅस पेटवा, एवढं कोण करतंय? आई आतूनच ओरडते, "दूध बघ रे!" आणि दाराकडे जाते. सोपा उपाय आहे. पण सोपा कोणासाठी, हे कळायला मला नोकरी लागावी लागली.

युनिक्स या संगणक चालवणाऱ्या सिस्टिमचंही असंच. प्रोग्रॅमनं सिस्टिमला सांगितलं, अमुक वाचून दे. ती वाट बघत असताना मध्येच सिग्नल आला, म्हणजे बेल वाजली, तर? हातातलं काम नीट बाजूला ठेवून पुन्हा तिथूनच चालू करायचं म्हणजे आतला गुंता वाढतो. युनिक्सवाल्यांनी सरळ एक एरर परत द्यायची ठरवली : ईआयएनटीआर. मध्येच उठावं लागलं, हवं तर परत सांगा. संगणकतज्ज्ञ रिचर्ड गॅब्रिएल यांनी 1991 साली छापून आलेल्या लेखात यावरून जुंपलेला वाद रंगवलाय. एमआयटीच्या माणसाला हे उत्तर अर्धवट वाटतं, युनिक्सवाला म्हणतो, साधेपणा महत्त्वाचा. वाचताना मी बिनशर्त युनिक्सच्या बाजूनं होतो.

पुढे एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. काट्याकडून वजन वाचायचं, दाखवायचं, बास. शिवाय नोंदी साठवायला दर पाच मिनिटांनी एक टायमर. मधूनच, उसानं भरलेला ट्रॅक्टर काट्यावर उभा असताना, स्क्रीनवर 'काटा बंद'! मागे रांग. ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, मग मी काय हवेत उभा हाय?"

टायमरची बेल वाजायची आणि माझा प्रोग्रॅम कोणतीही एरर म्हणजे काटा बंद समजायचा. दोन रात्री गेल्या, दुरुस्ती एका ओळीची : ईआयएनटीआर आला तर पुन्हा वाच. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेनं हे 'पुन्हा वाच' 2015 मध्ये, 3.5 आवृत्तीत, स्वतःच्या अंगावर घेतलं. तोवर ती ओळ ज्यानं त्यानं आपापली लिहायची, किंवा माझ्यासारखी विसरायची.

मग मी पेटलो. काट्याची वायर निघाली तर, वीज गेली तर, घड्याळ मागे गेलं तर... सगळ्यांची सोय असलेली नवी आवृत्ती तयार झाली तेव्हा गळीत हंगाम संपला होता. हंगामभर ती एका ओळीची डागडुजीच चालली.

परवा बेल वाजली. आई काही म्हणायच्या आत मी उठलो, गॅस बंद केला, दार उघडलं, पार्सल घेतलं, सही केली. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "अरे, हे दूध अजून गारच कसं?"