दंडावरचा वण

माझी मुलगी आज तेरा आठवड्यांची झाली. पहिले बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज असूनही आम्ही दोघांनी ते पुण्यातच करायचे ठरवले, कारण मी चाकणच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करतो आणि पत्नी कराडला राहिली असती तर लेक मला साप्ताहिक सुट्टीपुरतीच दिसली असती. सासूबाईंच्या मनाला हा निर्णय लागला होता. त्यांनी तसे बोलून दाखवले नाही. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू घेऊन त्या स्वतः आल्या आणि सव्वा महिना आमच्या दोन खोल्यांच्या घरात राहिल्या. त्यांचे हे ऋण मी विसरणार नाही.

पहिल्या आठवड्यात मात्र बाळ माझ्या हातात दोन मिनिटेही टिकत नसे. ती जरा कुरकुरली की कोणीतरी पुढे होऊन तिला काढून घेई. त्यात प्रेम होते, काळजी होती, पण बापाने पेढे वाटावेत आणि औषधे आणावीत, एवढेच त्याचे काम, अशी सर्वांचीच धारणा होती आणि खरे सांगायचे तर माझीही तोवर तीच होती. ती मोडली रात्रीच्या वेळी. तिसऱ्या पाळीच्या सवयीमुळे माझी झोप रात्री दोनला तशीही उडालेलीच असते. म्हणून दूध पाजून झाले की पत्नीने आडवे व्हायचे आणि ढेकर मी काढायची, असे आम्ही ठरवले. बाळाला उभे धरून खांद्यावर घ्यायचे, एक तळवा मानेखाली ठेवायचा, दुसऱ्याने पाठ खालून वर चोळत राहायची. कधी पाच मिनिटे लागतात, कधी वीस. तोंडाला दुधाचा आंबूस वास, टाळूवरच्या मऊ जागी त्वचेखाली उडणारी नाडी, आणि मग एक एवढीशी ढेकर, की तिचे सगळे अंग सैल होऊन माझ्या खांद्यावर विसावते. मी दिवसभर मायक्रोमीटर घेऊन सुटे भाग तपासतो; हाताला वजनाचा आणि मापाचा अंदाज आहे, असे मला वाटत असे. झोपलेल्या बाळाचे वजन जागेपणीच्या वजनाहून जास्त भासते, हे मला तिनेच शिकवले.

माझे वडील एसटीत चालक होते. माझा जन्म झाला त्या काळात त्यांची ड्यूटी मुक्कामी गाडीवर असे. संध्याकाळी आगारातून निघायचे, शेवटच्या गावात गाडीतच पथारी टाकायची आणि पहाटेच्या फेरीने परत यायचे. ते घरी येत तेव्हा मी झोपलेला असे, मी जागा असे तेव्हा ते झोपलेले असत. मला त्यांनी पहिल्यांदा पाहिले ते अकराव्या दिवशी. गेल्या महिन्यात नातीला मांडीवर घेऊन बसले असताना ते म्हणाले, "तुझं अंग एवढं हलकं होतं का रे, मला आठवतच नाही." मी म्हणालो, "अण्णा, तुम्हाला सुट्टी कुठे मिळत होती?" त्यावर ते काही बोलले नाहीत, तिच्या मुठीत आपले बोट तसेच ठेवून बसून राहिले. त्यांच्या पगारावर आम्ही तिघे भावंडे शिकलो आणि त्यांच्या गाडीने आजूबाजूच्या खेड्यांतली कितीतरी मुले तालुक्याच्या शाळेत गेली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तक्रार नाही. तक्रार आहे ती बापाचा वेळ कुठेच हिशेबात न धरणाऱ्या पद्धतीबद्दल.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने आईची भरपगारी प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ती फार चांगली गोष्ट झाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी कारखान्यातल्या बापाला मात्र अशी रजा द्यावी, असे सांगणारा देशव्यापी कायदा नाही. सर्व काही मालकाच्या मर्जीवर चालते. मला ३ दिवस मिळाले. साठवलेल्या रजेतले १२ दिवस मी त्याला जोडले, तेव्हा "घरी बायका आहेत ना?" असे मला विचारले गेले. विचारणारा माणूस वाईट नव्हता. पण त्या प्रश्नामागचा समज बाईलाच महागात पडतो, असे माझे ठाम मत आहे. मूल झाल्यावर केवळ बाईच रजेवर जाणार असेल, तर तिला कामावर घेताना मालक दहादा विचार करणार. बापही हक्काने रजेवर जाऊ लागला, तर तो विचार निदान दोघांबाबत सारखा होईल.

घरातही सगळे सुरळीत झाले असे नाही. आईने गावाहून सहाण आणि गुटीचा डबा आणला होता. हळकुंड, वेखंड, जायफळ, हिरडा, सगळे निवडून, पुसून, फडक्यात बांधलेले. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचे नाही आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. हे आईला मीच सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "मग माझं काय काम इथे?" हा प्रश्न मला फार लागला. डॉक्टरांचे म्हणणे बरोबर होते आणि आम्ही तेच पाळले, पण गुटी उगाळणारा हात आपल्याला आता घरात नको आहे, असे तिला वाटू देणे चूक होते. आता सकाळी तेल लावणे आणि अंघोळ हे पूर्णपणे तिचे काम आहे. पायांवर पालथे घालून ती पाठीला तेल चोळते तेव्हा मी शेजारी बसून ते शिकतो.

जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजीची लस दिली होती. काही आठवड्यांनी तिथे पुळी उठली आणि पुढे ती फुटून पाणी आले, तेव्हा मी घाबरून तिला दवाखान्यात घेऊन गेलो. परिचारिका म्हणाल्या, "लस लागू झाली की असंच होतं, त्यावर काही लावू नका." त्या रात्री मी माझ्या दंडावरचा बीसीजीचा वण पाहिला. अण्णांच्या हातावर देवीच्या लशीचा मोठा, गोल वण आहे. भारत देवीमुक्त झाल्याचे १९७७ साली जाहीर झाले, म्हणून तसा वण माझ्या हातावर नाही. लेकीच्या दंडावर अजून खपली आहे.

सहाव्या आणि दहाव्या आठवड्याच्या लशींना मी तिच्याबरोबर होतो. चौदाव्या आठवड्याच्या लशी पुढच्या मंगळवारी आहेत. त्या दिवशी माझी पहिली पाळी येत होती, ती एका सहकाऱ्याशी बदलून घेतली आहे. लसीकरणाचे कार्ड कपाटातल्या वरच्या खणात आहे आणि या वेळी अण्णाही आमच्याबरोबर येणार आहेत.