तुम्ही विचारलंत म्हणून: थेंब वाळवून का बघत नाही?

पाण्यात सोन्याचे नॅनोकण बनवायचे आणि ते पाण्यात असतानाच त्यांचं चित्रण करायचं, हे माझं काम. ते ऐकलं की बहुतेक जण विचारतात, ‘थेंब वाळवून सरळ मायक्रोस्कोपखाली ठेवला तर? ओल्यातच बघायचा हट्ट कशाला?’

मीही आधी वाळवूनच बघत होते.

कण बनवायची आमची पद्धत रसायनशास्त्रज्ञ टर्केविच यांची, 1951 सालची. काचेचं भांडं आधी आम्लराजाने, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने, लख्ख करायचं. त्यात क्लोरोऑरिक आम्लाचं (सोनं यातूनच येतं) अगदी पातळ द्रावण उकळत ठेवायचं आणि सोडियम सायट्रेट ओतायचं. पिवळसर झाक उडते, पाणी काळपट निळं होतं, मग जांभळं, आणि काही मिनिटांत डाळिंबाच्या रसासारखं लाल. कण साधारण 15 ते 20 नॅनोमीटरचे; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्यांच्या अंगावरच्या सायट्रेटमुळे सगळ्यांवर ऋणभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. त्यात मीठ घाला, तो लाल रंग निळा पडतो: भार झाकला गेला, कण चिकटले.

आता हाच लाल थेंब मायक्रोस्कोपमध्ये नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर वाळवा. सांडलेल्या चहाचा डाग कडेला गडद होतो ना, तसंच इथे होतं. आटणारं पाणी कणांना ओढत नेतं, एकावर एक रचतं. फोटोत पुंजके दिसतात, पण ते पाण्यात होते की वाळताना झाले, हे फोटो सांगत नाही. अशाच पुंजक्यांचा अर्थ लावण्यात माझे कित्येक महिने गेले. ते वाळण्याचे पुंजके होते.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या आत निर्वात पोकळी असते, उघडा थेंब तिथे टिकत नाही. म्हणून सिलिकॉनच्या दोन चिप्समध्ये द्रव बंद करतात. चिप्सना सिलिकॉन नायट्राइडच्या खिडक्या असतात, जाडी जेमतेम काही डझन नॅनोमीटर. 2003 मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी अशा कुपीत तांब्याचे कण इलेक्ट्रोडवर वाढताना दाखवले. 2009 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधक गटाने प्लॅटिनमचे कण टिपले: काही अणू जोडत वाढले, काही एकमेकांत मिसळले, मिसळलेले थोडे थबकले, आणि शेवटी सगळे जवळपास सारख्याच आकाराचे झाले. वाळलेल्या जाळीवर फक्त तो शेवट दिसला असता. कोण कुठल्या वाटेने आला, हे कधीच कळलं नसतं. माझ्या हट्टाचं कारण हेच.

पण ओल्यात बघण्यातही फसगत आहे. इलेक्ट्रॉनांच्या झोताने पाणी फुटतं, त्यातून सुटे इलेक्ट्रॉन निघतात आणि द्रावणातल्या सुवर्ण आयनांचं (सोन्याच्या भारित अणूंचं) सोनं करतात. म्हणजे बघतेय म्हणूनच कण वाढतोय, असंही होतं. म्हणून झोत जमेल तितका मंद ठेवते. चित्रण संपलं की त्याच खिडकीचा झोत न पडलेला कोपरा काढते आणि एकच फोटो घेते. तिथलेही कण तसेच निघाले, तरच वहीत लिहिते: पाण्यातले.