मंजिष्ठेचा लाल रंग: सुती कापडावरील तिसऱ्या फेरीची नोंद

पहिल्या दोन्ही फेऱ्यांमध्ये कापडावर फिकट डाग उमटले होते आणि त्याचे खापर मी रंगावर फोडले होते. या वेळी लक्षात आले की चूक कापड रंगाच्या भांड्यात शिरण्याच्या कितीतरी आधीच झाली होती.

कोऱ्या सुती धाग्यावर नैसर्गिक मेण असते, शिवाय विणताना लावलेली खळ उरलेली असते. साध्या धुण्याने या दोन्ही गोष्टी पूर्ण जात नाहीत. म्हणून २०० ग्रॅम कापड ४ ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात दीड तास उकळले. पाणी चहासारखे तपकिरी झाले, तेव्हा ते ओतून देऊन पुन्हा उकळले. टाकलेला पाण्याचा थेंब कापडाने क्षणात शोषून घेतला, तेव्हाच पुढे जायचे ठरवले. ही एवढीशी परीक्षा मी आधी कधीच केली नव्हती.

रंग धाग्याला पक्का बसावा म्हणून आधी तुरटी द्यावी लागते. लोकर ती सहज धरते, सुती धागा मात्र नीट धरत नाही. म्हणून तुरटीच्याही आधी हिरड्यातील टॅनिन, म्हणजे तुरटीला धाग्यावर धरून ठेवणारे तुरट द्रव्य, द्यावे लागते. ४० ग्रॅम हिरडा पुडीच्या पाण्यात कापड रात्रभर ठेवले, न धुता पिळून सावलीत वाळवले आणि मग ३० ग्रॅम तुरटीच्या कोमट द्रावणात मुरवले. त्यानंतर ते खळबळून घेतले, कारण सुटी राहिलेली तुरटी रंगाच्या पाण्यातच रंग धरून बसते आणि तो कापडाला मिळत नाही.

मंजिष्ठेच्या मुळांची पूड कापडाच्या वजनाइतकीच, म्हणजे २०० ग्रॅम घेतली, रात्रभर भिजवली आणि स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यात हळूहळू तापवली. पाणी उकळू न देता, कापड सतत हलवत तासभर ठेवले आणि त्याच पाण्यात निवू दिले. रंग विटकरीकडे झुकणारा, पण सर्वत्र सारखा लाल आला. एकही डाग नाही. मला हा रंग मनापासून आवडला.

उरलेल्या पाण्यात रंगवलेली एक पट्टी लोहयुक्त पाण्यात क्षणभर बुडवली, तर ती जांभळट काळपट झाली. हिरड्याचे टॅनिन लोहाशी इतक्या झपाट्याने जुळते की या पाण्याचा एक शिंतोडासुद्धा मुख्य कापडावर उडू देऊ नये.

आता रंग उन्हात किती टिकतो ते पाहण्यासाठी एका तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून तो खिडकीत उन्हाला ठेवला आहे आणि शेजारी तुलनेसाठी हळदीत रंगवलेला तुकडा लावला आहे.