दोनाचे सहा

जुलैचा दुसरा आठवडा होता. मालवणात चार दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती, नौका किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवल्या होत्या आणि बाजारपेठेतील माझ्या दुरुस्तीच्या दुकानात नेहमीप्रमाणे गर्दी होती. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात माणसांना घरातली बंद पडलेली यंत्रे आठवतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. त्या दिवशी किनाऱ्यालगतच्या एका मच्छीमार संस्थेचे सचिव आले. त्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांच्याबरोबर संस्थेत हिशेब लिहिणारी एक मुलगी होती. खताच्या पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप तात्यांनी टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “पावसाळो लागलो काय ह्येचां नाटक सुरू होता. सकाळी चुलीकडे ठेवलंय काय चालू होता. खरां सांगतंय.”

चुलीच्या उपायावर मी हसलो. ते हसणे मला संध्याकाळी महागात पडले.

लॅपटॉप २०१२ सालचा, चौदा इंची, दोन जीबीची एक आणि चार जीबीची एक अशा रॅमच्या, म्हणजे यंत्राच्या कामचलाऊ मेमरीच्या, दोन पट्ट्या असलेला होता. बटण दाबले की पंखा फिरे, दिवा लागे, पण पडदा काळाच राही आणि कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक अंतराने लुकलुकत राही. दहा-बारा प्रयत्नांनंतर कधी तरी विंडोज सुरू होई आणि अर्ध्या तासात निळा पडदा येऊन सगळे कोसळे. तात्यांच्या पुतण्याने विंडोज बिघडले आहे असे ठरवून पेनड्राइव्हवरून त्याची दुरुस्ती करण्याचा तीनदा प्रयत्न केला होता आणि तिन्ही वेळा काम वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळा संदेश देऊन थांबले होते. ही माहिती मला फार मोलाची वाटली. हार्ड डिस्कचा एखादा भाग खराब असेल तर काम बहुधा त्याच फाइलपाशी पुन्हा पुन्हा अडते, पण अडण्याची जागा दर वेळी बदलत असेल तर संशय आधी मेमरीवर घ्यावा. वाचलेली फाइल डिस्कवर शाबूत असते, ती मेमरीत येऊन पडते तेव्हा बिघडते, आणि मेमरीत ती दर वेळी वेगळ्या जागी पडते.

म्हणून मी पहिले काम केले ते हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवण्याचे. मेमरीवर संशय असताना त्याच यंत्रावर दुरुस्ती करू देणे म्हणजे नजर अधू झालेल्या माणसाकडून सही असलेल्या कागदांच्या नकला करून घेण्यासारखे असते. जे चुकीचे वाचले जाते तेच डिस्कवर परत लिहिले जाते. पुतण्याची दुरुस्ती तिन्ही वेळा अर्ध्यावर अडली हे संस्थेचे नशीबच म्हणायचे. शुक्रवारी लेखापरीक्षक येणार होते आणि हिशेबाची शेवटची प्रत फेब्रुवारीतल्या एका पेनड्राइव्हवर होती, म्हणजे वर्षअखेरीच्या नोंदी आणि नव्या वर्षाचे तिन्ही महिने फक्त या डिस्कवर होते. डिस्क यूएसबीच्या जोडणीने दुकानातल्या लिनक्सच्या यंत्राला लावून, तिच्यावर काहीही लिहिले जाणार नाही अशा पद्धतीने उघडून, सगळा मजकूर उतरवून घेतला. फाइली जागेवर होत्या. जूनच्या हिशेबाची एक फाइल मात्र एक्सेल उघडायला तयार नव्हते.

मग बॅटरी काढून, तीस सेकंद बटण दाबून धरून मी दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या आणि एकेक पट्टी घालून पाहण्याचे नेहमीचे काम सुरू केले. चार जीबीची पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये (पट्टी बसवायच्या खाचेत) घातली की यंत्र दर वेळी सुरू होई. दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन जीबीची पट्टी घातली की पुन्हा काळा पडदा आणि लुकलुकणारा दिवा. एवढ्यावर मी निकाल देऊन टाकला की दोन जीबीची पट्टी गेली. २०१२ च्या या यंत्राला १.५ व्होल्टची डीडीआर-३ प्रकारची पट्टी चालते (इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनचे प्रोसेसर असलेल्या बऱ्याच लॅपटॉपांना मात्र १.३५ व्होल्टचीच लागते, हे न पाहता पट्टी विकत घेणारे बरेच भेटतात), आणि तशी जुनी पट्टी माझ्याकडे होती. तिची किंमत मी बिलावर लिहूनही टाकली.

चहा येईपर्यंत हाताला काम हवे म्हणून, आणि खरे तर त्या पट्टीवर “खराब” अशी चिठ्ठी चिकटवण्यापूर्वी एकदा खात्री करावी म्हणून, मी ती दोन जीबीची पट्टी एकटीच पहिल्या स्लॉटमध्ये घातली. यंत्र पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. मेमटेस्ट ८६ प्लस नावाचा मोफत कार्यक्रम पेनड्राइव्हवरून चालवला. तो मेमरीच्या प्रत्येक जागेत ठरावीक आकृतिबंध लिहितो, परत वाचतो आणि फरक पडला की पत्ता, अपेक्षित आकडा आणि मिळालेला आकडा समोर मांडतो. पूर्ण फेरीत एकही चूक आली नाही. आता माझी स्वतःची, खात्रीची पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, तर तीच लुकलुक. चौथ्या प्रयत्नाला यंत्र सुरू झाले तेव्हा लगेच मेमटेस्ट लावला आणि पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरून गेला. बिलावरची किंमत मी खोडली.

त्या ओळी नीट वाचण्यासारख्या होत्या. चुकांचे पत्ते एकमेकांपासून फार दूरचे, मेमरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले होते, पण फरकाचा आकडा प्रत्येक ओळीत एकच होता : सोळाच्या अंकपद्धतीतील ४००. मेमरीतील एखादी पेशी मेली असती तर पत्ता एकच राहिला असता. इथे पत्ते हजारो आणि बिट (० किंवा १ एवढाच असणारा संगणकाचा सर्वांत लहान अंक) एकच, शून्यापासून मोजल्यास दहावा. रॅमच्या पट्टीतून यंत्राकडे एका वेळी ६४ बिट जातात, प्रत्येक बिटाला आपली वाट असते, आणि त्या ६४ वाटांपैकी अकरावी वाट कुठे तरी तुटत आणि जुळत होती. पट्टी बदलूनही वाट तीच राहिली, म्हणजे दोष पट्टीत नव्हता. पट्टीच्या कडेवर बोटाने हलकेच दाब दिला की चुका थांबत, बोट उचलले की थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत.

दाबाने फरक पडतो म्हणजे एक तर स्लॉटच्या डाखात चीर असेल किंवा संपर्काच्या पत्तीवर काही तरी बसले असेल. भिंगाखाली पाहिल्यावर दुसरी शक्यता खरी ठरली. डीडीआर-३ च्या लॅपटॉपच्या पट्टीला २०४ संपर्क असतात आणि स्लॉटमध्ये तेवढ्याच बारीक पत्त्या असतात. त्यांतल्या सात-आठ पत्त्यांच्या मुळाशी पांढरट थर आणि त्याच्या कडेला हिरवट झाक दिसत होती. पत्तीवरचा सोन्याचा मुलामा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. सोने स्वतः गंजत नाही, पण मुलाम्यातील सूक्ष्म छिद्रांतून खारी ओल खालच्या निकेलपर्यंत आणि तांब्यापर्यंत पोहोचते आणि तिथला हिरवा गंज वर येतो. संस्थेचे कार्यालय पश्चिमेकडे उघडणारे, खिडकीखाली बर्फाच्या पेट्या, आणि लॅपटॉपचा पंखा ती हवा तळातून आत ओढणारा. दुसरा स्लॉट नेमका त्या हवेच्या वाटेवर होता.

मग मला चूल आठवली. मिठाचा एक गुण असा आहे की हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतः विरघळते. कोरड्या दुपारी तो थर निरुपद्रवी पावडर असे, पण हवा दमट झाली की त्याच पावडरीचे खारे पाणी होई. चुलीजवळ लॅपटॉप ठेवला की पाणी उडून जाई आणि यंत्र काही काळ माणसात येई. दहा-बारा वेळा बटण दाबल्यावर ते सुरू होत असे त्यामागेही मला वाटते तेच कारण असावे, बोर्ड थोडा तापत असणार. तात्यांनी सकाळी दाराशी पाऊल ठेवतानाच निदान सांगितले होते, मी ते ऐकून सोडून दिले होते.

दुरुस्तीला फार वेळ लागला नाही. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पत्त्या एकेक करून साफ केल्या, पट्ट्यांच्या कडा त्याच द्रावात भिजवलेल्या सुती फडक्याने पुसल्या, हलक्या गरम हवेने सगळे वाळवले. आमच्या धंद्यात खोडरबर घासण्याची चाल आहे आणि मीही पूर्वी घासत असे. पण शाईच्या खोडरबराचा खरखरीत भाग मुलामाच काढून टाकतो, आणि मग गंजाला पुढच्या पावसाळ्यापर्यंतही थांबावे लागत नाही.

मेमटेस्ट पुन्हा लावून मी तात्यांना आणि त्या मुलीला हे सगळे समजावून सांगत होतो. एका बिटाची गोष्ट आली तशी ती मुलगी, जी आतापर्यंत गप्प बसली होती, एकदम म्हणाली, “दादा, एवढ्या एका बिटाने आकडा बदलतो का?”

मी कारण विचारले. जूनच्या सभेत एका नौकामालकाने तक्रार केली होती की त्याने मे महिन्यात संस्थेच्या पंपावरून २४० लिटर डिझेल घेतले आणि संगणकातल्या हिशेबात ६४० लिटर दाखवले आहे. डिझेलवरील कराचा परतावा या नोंदींवरून मागितला जातो, त्यामुळे ४०० लिटरचा फरक हा विनोदाचा विषय नव्हता. काही सभासदांनी तिच्या तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलून घेतले होते.

मी बिलाचा कागद उलटा केला. संगणकात २ हा अंक मजकूर म्हणून लिहिला जातो तेव्हा त्याचे आठ बिट ००११००१० असे असतात आणि ६ चे ००११०११०. फरक फक्त एका बिटाचा आहे, आणि तो बिट म्हणजे बाइटातील, म्हणजे आठ बिटांच्या गटातील, ४ ची किंमत असलेला. मेमटेस्टचा शून्यापासूनचा दहावा बिट म्हणजे दर आठ बाइटांच्या गटातील दुसऱ्या बाइटाचा नेमका तोच बिट. एक्सेलची फाइल म्हणजे खरे तर आवळून बांधलेल्या साध्या मजकुराचे गाठोडे असते. ते बांधण्याआधी मेमरीत मजकूर तयार होत असतानाच बिट उलटला तर गाठोडे बिनतक्रार बांधले जाते, फाइल व्यवस्थित उघडते आणि आकडा मात्र चुकीचा असतो.

तरीही हाताने टाइप करताना चूक होऊ शकते, हे मी बोलून दाखवले. या लॅपटॉपला वेगळा नमपॅड (अंकांच्या बटणांचा चौकोन) नाही, वरच्या ओळीत २ आणि ६ यांच्यामध्ये तीन बटणे आहेत. पण तेवढा पुरावा पुरेसा नव्हता. ती म्हणाली, “एक ओळ अशी पण आहे, जिच्यावरून सगळे मला हसले.” मेची फाइल दुकानातल्या यंत्रावर उघडली आणि तिने बोट ठेवले. बाकी सगळीकडे “नौका” होते, त्या एका ओळीत “बौका” होते.

संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी युनिकोडची सारणी मी उघडली. न चा क्रमांक ०९२८ आणि ब चा ०९२सी, सोळाच्या पद्धतीत. त्या पद्धतीत सी म्हणजे बारा, म्हणून ८ आणि सी यांच्यात फरक ४ चा. तोच बिट. ती मुलगी इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डाच्या पद्धतीने टाइप करते आणि त्या पद्धतीत ही दोन अक्षरे वेगवेगळ्या ओळींत, वेगवेगळ्या हातांच्या बोटांखाली येतात. त्या क्षणी बाहेर पाऊस इतका जोरात होता की काही बोलले तरी ऐकू गेले नसते, आणि कोणी काही बोललेही नाही. थोड्या वेळाने तात्यांनी विचारले, “म्हणजे पोरीची चूक नाय?”

शपथेवर सांगता येणार नाही, असे मी सांगितले. उलटलेला बिट मागे सही ठेवून जात नाही. पण तीन महिन्यांच्या हजारो नोंदींत सापडलेल्या दोन्ही चुका नेमक्या त्याच बिटाच्या असणे आणि त्याच काळात यंत्राचा तोच बिट ढासळत असणे, याला योगायोग म्हणायला माझे मन तयार नव्हते. तात्यांनी तिला पंपावरचे पावतीपुस्तक आणायला रिक्षाने पाठवले. कागदावरची स्थळप्रत २४० लिटरची होती, खाली नौकामालकाची सही होती.

न उघडणारी जूनची फाइल मी गाठोडे सोडवून पाहिली. तिच्यातली इतर पाने सहीसलामत निघाली, एक पान निम्म्यावर तुटले होते. त्यापुढच्या नोंदी तिने माझ्याच दुकानात बसून पावत्यांवरून पुन्हा भरल्या. रात्री दोनदा वीज गेली, पण इन्व्हर्टरने तग धरला आणि सकाळपर्यंत दोन्ही पट्ट्या दोन्ही स्लॉटमध्ये ठेवून मेमटेस्टच्या फेऱ्या एकही चूक न होता पूर्ण झाल्या. डिस्क परत बसवली. बिलाच्या मागे लिहिलेले दोन अंकांचे बिट आणि दोन अक्षरांचे क्रमांक मी कोऱ्या कागदावर नीट उतरवून, तारीख घालून, सही करून त्या मुलीच्या हातात दिले, कारण शुक्रवारी समितीसमोर बोलायला ती उभी राहणार होती.

जाताना मी तात्यांना सांगितले की लॅपटॉप खिडकीपासून दूर, बंद कपाटात ठेवा, आणि आपल्याकडे पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात बल्ब लावतात तसा एक बल्ब आत लावा, म्हणजे ओल राहणार नाही. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. कपाट झाले होते, बल्बही लावला होता, पण आत हात घातला तर गारच लागत होते.

“तात्या, एलईडी लावलात का?”

“मगे खयचो लावूचो?”

चाळीस वॅटचे, तारेचे जुने बल्ब आता बाजारात सहज मिळत नाहीत. माझ्या माळ्यावर एका खोक्यात तीन निघाले, त्यांतले दोन वर्तमानपत्रात गुंडाळून मी दुपारच्या एसटीने पाठवून दिले.