शब्दवही: ‘वळणे’चा तिसरा आठवडा

‘वळणे’ या क्रियापदाच्या गोतावळ्यातले शब्द आणि वाक्प्रचार मी एकेका कार्डावर लिहून खोक्यात ठेवतो आहे. गेल्या नोंदीत मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की ‘वळणे’ची कार्डं चाळीसवर थांबली. ती आता चौसष्ट आहेत, आणि त्याआधी एक फाडून टाकावं लागलं. ‘वळखणे’. बोलीतलं रूप, सुरुवातीला व आणि ळ दिसले, घातलं खोक्यात. ते मुळात ‘ओळखणे’, म्हणजे लक्ष् धातूच्या घरचं. नुसता ळ बघून सोयरीक जुळवली की असं होतं.

आमच्या क्रियापदाचं कूळ संस्कृतातल्या वल् धातूचं. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचे अर्थ ‘संवरण’ आणि ‘संचरण’ असे दिलेत, म्हणजे वेढणं आणि हिंडणं. वलय आणि त्रिवली ही याच घरची माणसं. वल् चा ‘वळ’ व्हायला काही चमत्कार लागत नाही. दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल आला की मराठी त्याचा ळ करते: फल-फळ, बल-बळ, काल-काळ. प्राकृतात तो दुहेरी ल्ल झाला असेल तर मराठीत ल शाबूत राहतो. म्हणून एकाच चल् मधून ‘चळणे’ही निघालं आणि ‘चालणे’ही, आणि दोघांच्या अब्रूत केवढा फरक! हिंदीकडे ळ नाही, त्यामुळे त्यांच्या दोरीला ‘बल’ पडतो, आपल्या सुंभाला पीळ.

इथपर्यंत कोश पुरले. पुढचं स्वयंपाकघरात सापडलं.

चवथीच्या तयारीत काकी लाडवांना बसली होती. मी वही घेऊन समोर. नेवऱ्याही (आमच्याकडच्या करंज्या) वळतात का, असं विचारल्यावर तिने वर न बघताच सांगितलं, “लाडू वळटात रे. नेवऱ्यांक मुरड घालतात.” त्या एका वाक्यावर माझा अख्खा रविवार गेला. पोळी लाटतात, कागद दुमडतात, सळी वाकवतात, काठी मोडते. ‘वळतात’ ते लाडू, वाती, शेवया, दोरी, मूठ. म्हणजे कोन चालत नाही, गोलाई हवी, आणि वळवलेली गोष्ट फिरून स्वतःकडे यायला हवी. रस्त्याचं वळण मला आता याच हाताचं वाटतं. चोर्ला घाटात साखळीकडून बेळगावच्या दिशेने चढताना बस वळते ती अशीच, दरीला वेढा घालत. पणजीतल्या चौकात काटकोनात जाणारी स्कूटरही वळते म्हणतात खरं, पण ती शब्दाची उतारवयातली नोकरी.

वातींनी तर गंमतच केली. ‘वात’ आली वर्ति या शब्दावरून, आणि वर्ति आली वृत् धातूवरून, ज्याचा अर्थ पुन्हा फिरणं, वळणंच. तेव्हा वाती वळताना काकी एका धातूवर दुसरा धातू गुंडाळत असते. वृत् च्या घरात ‘परतणे’ही आहे, माणसाचं आणि कढईतल्या भाजीचंही.

आमच्या वाड्यावर पोर्तुगीज शाळेत शिकलेले एक आजोबा आहेत. संध्याकाळी फेरफटक्याला निघाले की ‘दार उमा व्होल्ता’ म्हणतात, एक चक्कर मारणं. परत येण्याला पोर्तुगीजमध्ये ‘वोल्तार’. हे शब्द लॅटिनच्या ‘वोल्वेरे’पासून आले, गुंडाळणं, लोळवणं या अर्थाच्या, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याची जोड वल् शी लावतात. वृत् चा लॅटिन भाऊ ‘वेर्तेरे’. म्हणजे आजोबांची व्होल्ता आणि काकीचे लाडू लांबचे चुलत. मी त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग लाडू कुठे आहेत?

कन्नडमधलं बांगडीचं ‘बळे’ आणि तमिळमधलं वाकण्याचं ‘वळै’ यांची कार्डं मात्र वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत. तो द्राविडी गोतावळा, आणि वळखणेची अद्दल ताजी आहे.

या आठवड्याची खरी कमाई गुरांची. गोव्यात आम्ही गुरं ‘राखतो’, राखणारा तो राखणो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (माझ्याकडे १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत आहे) वळणेचा गुरं राखण्याचा अर्थ वाचला, पण तो डोक्यात शिरला नव्हता. परवा कामावरच्या एका साताऱ्याकडच्या मित्राने सहज म्हटलं, “लहानपणी मी गुरं वळायला जायचो.” वळायला म्हणजे नेमकं काय, असं विचारलं. चारायला न्यायची, तो म्हणाला, आणि एखादी गाय दुसऱ्याच्या शेतात घुसायला लागली की पुढे धावून तिचं तोंड कळपाकडे करायचं.

तिथे माझी खोक्यातली उतरंड बदलली. ‘मन वळवणे’ मी आजवर दोरीच्या रांगेत ठेवलं होतं, पिळण्याच्या शेजारी. आता ते गुरांच्या रांगेत गेलं. मन पिळत नाही कोणी, भलत्या शेतात निघालेलं तेवढं माघारी आणतात. ‘मुलांना वळण लावणे’ही तिकडेच हललं. ‘वळणदार अक्षर’ मात्र लाडवांकडे राहिलं, कारण तिथे बोटांचीच करामत आहे. ‘आईच्या वळणावर गेली’ हे कार्ड दोन्हीकडे ठेवून पाहिलं आणि शेवटी त्याची नक्कल काढली.

‘कळतं पण वळत नाही’चं कोडंही गुरांनी सोडवलं असं माझं मत. गायीला शेत कुणाचं ते कळत असतं. तोंड फिरत नाही.

‘बोबडी वळणे’ आणि ‘पायात गोळे वळणे’ अजून टेबलावर पडलेत. गोळ्यांचं लाडवांशी जमेल. बोबडीला कुठली रांग द्यायची ते ठरवेपर्यंत काकीने खोक्याचं झाकण नेवऱ्या झाकायला नेलं आहे.