अंडरक्विल्टची नाडी: ताण फक्त टोकांना

हॅमॉकमध्ये स्लीपिंग बॅगेत शिरून झोपलं तरी पाठ गारठते, कारण अंगाखाली दबलेल्या बॅगेत हवाच उरत नाही. म्हणून रजई हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगायची; हीच अंडरक्विल्ट. रजई शिवणं त्या मानाने सोपं. ती न दबता पाठीला लागून राहील अशी टांगणं, हे खरं काम.

बरेच जण दोन्ही लांब कडांच्या नेफ्यांतून इलॅस्टिक दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओवतात. चालतं, पण दोरी जितकी लांब तितकी ती त्याच वजनाला जास्त ताणते. दवाने रजई जरा जड झाली की मधोमध झोळ पडतो आणि गार हवा नेमकी कमरेखाली शिरते. त्यापेक्षा लांब कडांना न ताणणारी दोरी आणि इलॅस्टिक फक्त टोकांना, ही रचना भरवशाची.

पुढची मापं 335 सेंमी (11 फुटी) हॅमॉक आणि 200 × 120 सेंमी रजईची आहेत. 3 मिमी शॉककॉर्ड (वरून विणलेली, आत रबर असलेली इलॅस्टिक दोरी) 6 मीटर, 2 मिमी पॉलिएस्टर दोरी 5 मीटर, कॉर्डलॉक (दोरी हवी तिथे पकडून धरणारी दाबाची खिटी) 4, छोटे कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) 2 आणि कोपऱ्यांच्या फासांसाठी बॅगेचा अरुंद पट्टा, 8 सेंमीचे 4 तुकडे. नायलॉनची दोरी नको, ती ओली झाली की सैलावते. मॅचिंग सेंटरमधलं गोल इलॅस्टिकही नको. ते फार लवकर ढिलं पडतं.

चारही कडांना 2.5 सेंमीचा नेफा घाला. पट्ट्याचे तुकडे दुमडून कोपऱ्यांवर दाट झिगझॅग टाक्याने शिवा. सेफ्टी पिन लावून लांब नेफ्यांत पॉलिएस्टर दोरी ओवा आणि दोन्हीकडे फासांना बांधा. बांधल्यावर ती 195 सेंमीच भरली पाहिजे, म्हणजे कडेपेक्षा 5 सेंमी आखूड. मग ताण दोरी घेते, शिवण नाही.

आता टोकं. प्रत्येक टोकाला 140 सेंमी शॉककॉर्ड: एक शेवट एका कोपऱ्याच्या फासाला पक्का, दुसरा समोरच्या फासातून काढून त्यामागे कॉर्डलॉक आणि अखेरीस गाठ. मधे कॅराबिनर मोकळा सरकता ठेवा. हॅमॉकमध्ये माणूस तिरकाच झोपतो. कॅराबिनर सरकला तर रजईही अंगामागे तिरकी होते. तो हॅमॉकच्या चुणीदार टोकाच्या फासात अडकवायचा, झाडाच्या पट्ट्यात नव्हे. उरलेले दोन 140 सेंमीचे तुकडे आखूड कडांच्या नेफ्यांत, परकराच्या नाडीसारखे, एका बाजूला कॉर्डलॉक लावून.

शॉककॉर्ड ताणली की बारीक होते, म्हणून सैल असताना मारलेली गाठ हमखास सुटते. ताणून धरूनच गाठ मारा आणि पुढे 5 सेंमी शेपूट ठेवा. कापलेलं टोक लायटरने वितळवून घ्या, नाहीतर वरचं विणकाम मागे सरकून आतलं रबर उघडं पडतं.

जुळवणी आत झोपूनच करायची, बाहेर उभं राहून कळत नाही. आधी हॅमॉकचे पट्टे आडव्याशी साधारण 30 अंशांत येतील असे बांधा. रजई सैल अडकवा, आत झोपा, मग पाठीखाली बाहेरून हात घाला. रजई आणि हॅमॉकच्या मधे हात आरामात फिरत असेल तर पोकळी आहे. टोकांचे कॉर्डलॉक दोन-दोन बोटं ओढा. पाठ गार लागतेय पण पोकळी नाही? मग बहुधा ताण जास्त झालाय आणि रजईचा फुगवटाच चपटा झालाय. नवखे इथेच उलटं करतात: गार लागलं की अजून आवळतात. खांद्यांपाशी वारा येत असेल तर फक्त डोक्याकडची नाडी ओढा. तीही फार आवळली तर कड बोचक्यासारखी गोळा होते आणि दोन्ही खांदे उघडे पडतात.

शॉककॉर्डमधलं रबर उन्हाने आणि सतत ताणाने मरतं. सकाळी दव वाळलं की कॅराबिनर सोडा आणि घरी ठेवताना सगळे कॉर्डलॉक मोकळे करा. सोडल्यावर दोरी झटकन आखडेनाशी झाली तर टोकांचे तेवढे दोन तुकडे बदला. नेफ्यातली पॉलिएस्टर दोरी तशीच राहू द्या.